बट्टा

सात हाली दिल्या की सहा कलदार.
सेलूच्या मोंढ्यात पोरासोरांना हे पाठ,
सात सक बेचाळीस असावं तसं.
मी बारा वर्षांचा, मन्मथअप्पांच्या पेढीवर.
काम एवढंच : रुपया अंगठ्यावर उडवायचा,
फरशीवर पडू द्यायचा,
आणि ऐकायचं.

चारमिनार वर आला की खाली गेला,
अप्पा बघतसुद्धा नसत.
"छाप आंधळ्याच्या बोटालाही कळते," म्हणायचे,
"तू आवाज धर."

त्या भादव्यात डेक्कन रेडिओ
रोज रात्री लढाई जिंकायचा.
आणि रोज सकाळी आमच्या मागच्या दारानं
एकेक माणूस आत यायचा.

पहिले आले वालूरचे देशमुख.
हैदराबादेत नजराणा देतानाचा त्यांचा फोटो
दिवाणखान्यात सुपाएवढा.
"लेकीच्या लग्नाचं आहे, सोलापूरला द्यायचंय."
भादव्यात कुठलं आलंय लग्न?
अप्पांनी विचारलं नाही.
आठाला सहा लावले.
देशमुखांनी पैसे न मोजता उचलले.
हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

मग जिनिंगचे शेठ, मग शेठचा मुनीम, वेगळा,
शेठला सांगू नका म्हणत.
मग नाक्यावरचा जमादार.
खांद्याला बंदूक लावून मोंढ्यातून उकळलेला चंदा
त्याच मोंढ्यात मोडायला घेऊन आला,
पिशवीवर आमच्याच पेढीची गाठ.
नवाला सहा.
नळदुर्गाचं अजून कुणी तोंडानं बोललं नव्हतं.
बट्टा बोलला होता.

मला आनंद होत होता, खोटं कशाला सांगू.
मामाचं घर जाळलेलं,
तो वाशीमच्या कॅम्पात ज्वारीचं पोतं उशाला घेऊन.
दर उतरला की मी मनात
एकेक गोटी जिंकत होतो.
फक्त एक कळत नव्हतं.
रुपया वाजायचा तसाच.
"नाणं तर खणखणीत आहे की, अप्पा."
अप्पा दिव्याची वात सारत राहिले.
"नाण्याला काय धाड भरलीय?
घेणाऱ्याचा हात कापतोय."

इमामसाब ठरल्या तारखेला आला, पुढच्या दारानं.
तहसिलीतला जुना चपराशी,
पेन्शनीचे अकरा रुपये,
त्यातल्या एकाची मोड हवी, तेलमिठाला.
अप्पांनी आवाज खाली घेतला :
"सगळेच दे. दहाला सहा देतो.
उद्या तेही नाहीत."
त्यानं रुपया उचलला, माझ्यासारखाच उडवला,
वाकून कान दिला.
"इसकू क्या हुआ, अप्पा?"

अप्पांकडे उत्तर होतं.
त्यांनी मोड दिली.

पाच दिवसांत सगळं आटोपलं.
पुढच्या पंधरवड्यात इमामसाबच्या गल्लीत काय झालं
ते अप्पांनी मला बघू दिलं नाही,
दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या.
पण कान माझा होता,
त्यांनीच तयार केलेला.

हाली त्यानंतरही काही वर्षं चालली,
धनी गेलेल्या बैलासारखी, सवयीनं.
मग बदलून घ्या म्हणून दवंडी फिरली.
खजिन्याच्या खिडकीपुढं रांग.
देशमुख रांगेत नव्हते.
ते झेंड्याच्या पहिल्या ओळीत, पांढरी टोपी,
वेळेवर एक रुपया जास्तीचा मोजून घेतलेली जागा.
इमामसाब होता, काठीवर,
रुमालाची गाठ दातांनी सोडत.

खिडकीवर दर लिहिला होता.
सातला सहा.
तोच, जुना.

त्यानं कलदार मोजून घेतले,
एक हाली परत मागितली.
"हिचं काय करणार आता, चाचा?"
तो बोलला नाही.
पायरीवर आला आणि दगडावर टाकून पाहिली.

मी मागं चौथा होतो.
आवाज तोच होता, असं वाटलं मला.
पण मी तेव्हा सतराचा,
आणि शपथेवर सांगावं असा
कान माझा उरला नव्हता.